संघराज्यातून फुटून निघण्याचा अधिकार

संघराज्यातील एखाद्या घटक राज्याने संघराज्याशी असलेले घटनात्मक संबंध तोडून स्वतंत्र व सार्वभौम राष्ट्र म्हणून वेगळे होणे, याला संघराज्यातून फुटून निघणे असे म्हणतात. असे करण्याचा घटक राज्याला अधिकार आहे काय, हा राज्यशास्त्र व संविधानशास्त्र यांतील एक जुना आणि वादग्रस्त प्रश्न होय. वसाहतीने साम्राज्यापासून मिळविलेले स्वातंत्र्य, तसेच एकाच देशांतर्गत झालेली नव्या घटक राज्याची निर्मिती, या दोन्ही गोष्टी फुटून निघण्याहून भिन्न आहेत. पहिलीत, राज्यकारभारात ज्याला वाटा नव्हता असा समाज परकी सत्ता झुगारून देतो. दुसरीत देशाच्या सार्वभौमत्वाला बाध येत नाही. फुटून निघू पाहणारे घटक राज्य मात्र ज्या व्यवस्थेत ते स्वतः भागीदार होते, ती व्यवस्थाच मोडू पाहते.

बहुतेक संघराज्यांची संविधाने या प्रश्नाबाबत मौन पाळतात. त्यामुळे त्याचे उत्तर कोठे युद्धाने, कोठे न्यायालयाने, तर कोठे वाटाघाटींनी दिलेले आढळते. या सर्वांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १८६०–६५ या काळातील संघर्ष सर्वाधिक महत्त्वाचा मानला जातो. घटक राज्याला बाहेर पडता येते काय, या कायदेशीर प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न उभा असतो व तो म्हणजे, ‘राज्य’ बाहेर पडते असे आपण म्हणतो, तेव्हा त्या राज्याच्या वतीने नेमके कोण बोलत असते? अमेरिकेच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न जितक्या स्पष्टपणे पुढे आला, तितका तो क्वचितच अन्यत्र आला असेल.

करारसिद्धांत व अखंडत्वाचा सिद्धांत : या विषयासंबंधी दोन परस्परविरोधी सिद्धांत मांडले गेले. पहिल्यानुसार संघराज्य हा सार्वभौम राज्यांनी आपसांत केलेला करार असून, कराराचा भंग झाल्यास त्यातून मुक्त होण्याची मुभा प्रत्येक पक्षाला असते; भंग झाला किंवा नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्या त्या पक्षाचाच. दुसऱ्यानुसार संघराज्य हे राज्यांनी नव्हे, तर समग्र जनतेने निर्माण केलेले असते. त्यामुळे जनतेच्या एका भागाला उरलेल्यांच्या संमतीवाचून ते मोडता येत नाही. या दोहोंखेरीज क्रांतीचा नैसर्गिक अधिकार हे एक तिसरे तत्त्व आहे. असह्य जुलमाविरुद्ध कोणत्याही जनसमूहाने उठाव करणे न्याय्य ठरू शकते, हे १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात गृहीत धरले आहे. हा अधिकार नैतिक स्वरूपाचा असून तो संविधानातून येत नाही. फुटून निघण्याच्या वादात या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत केली जाते.

अमेरिकेतील पूर्वपीठिका : तेरा वसाहतींनी स्वीकारलेली परिसंघाची पहिली सनद १७८१ मध्ये अंमलात आली. तिच्यात हा संघ चिरंतन असल्याचे म्हटले होते. १७८७ मध्ये तयार झालेल्या व १७८९ पासून अंमलात आलेल्या संविधानात हा शब्द राहिला नाही. अधिक परिपूर्ण संघाची स्थापना हे मात्र त्याचे एक उद्दिष्ट म्हणून सांगण्यात आले. फुटून निघण्याची परवानगी किंवा मनाई यांपैकी कशाचाही संविधानात उल्लेख नव्हता. या मौनाचा अर्थ दोन्ही पक्षांनी पुढे आपापल्या परीने लावला.

प्रारंभीच्या काळात राज्यांच्या अधिकाराची भाषा कोणत्याही एका प्रदेशाची मिरासदारी नव्हती. परकीय नागरिक व राजद्रोह यांविषयी १७९८ मध्ये झालेल्या दडपशाहीच्या कायद्यांविरुद्ध टॉमस जेफर्सन (१७४३–१८२६) व जेम्स मॅडिसन (१७५१–१८३६) यांनी अनुक्रमे केंटकी व व्हर्जिनिया या राज्यांच्या विधिमंडळांसाठी ठराव लिहिले. करारसिद्धांताचा उगम सामान्यतः त्यांत शोधला जातो. १८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात व्यापार बुडाल्याने चिडलेल्या न्यू इंग्लंडमधील, म्हणजे उत्तरेकडील, राज्यांचे प्रतिनिधी डिसेंबर १८१४ मध्ये हार्टफर्ड येथे जमले. तेव्हा तेथे फुटून निघण्याची भाषा ऐकू आली. परंतु परिषदेने अखेर तशी शिफारस केली नाही.

संरक्षक जकातींच्या प्रश्नावरून १८३२ मध्ये हा वाद पेटला. औद्योगिक उत्तरेला लाभदायक ठरणाऱ्या जकाती कापूस पिकविणाऱ्या दक्षिणेला जाचक वाटत होत्या. जॉन कॅल्हून (१७८२–१८५०) यांच्या विचारांना अनुसरून साउथ कॅरोलायना राज्याने नोव्हेंबर १८३२ मध्ये १८२८ व १८३२ चे जकात कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल असल्याचे घोषित केले आणि बळाचा वापर झाल्यास संघ सोडण्याचा इशारा दिला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन (१७६७–१८४५) हे स्वतः दक्षिणेचे व गुलामांचे मालक होते. तथापि १० डिसेंबर १८३२ च्या घोषणेत त्यांनी राज्यांचा हा दावा पूर्णपणे फेटाळला. मार्च १८३३ मध्ये सक्तीचा कायदा व जकाती क्रमशः उतरविणारा कायदा असे दोन्ही एकाच वेळी संमत झाले आणि पेच तात्पुरता सुटला. वयोवृद्ध मॅडिसन यांनीही १७९८ च्या ठरावांचा असा अर्थ लावण्यास विरोध केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दक्षिणेकडील राज्यांचे फुटून निघणे : १८२० व १८५० च्या तडजोडींनंतरही नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मुभा असावी की नाही, हा प्रश्न धुमसत राहिला. १८५० च्या कायद्याने पळून गेलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या स्वाधीन करण्याचे बंधन उत्तरेवरही आले. उत्तरेतील अनेक राज्यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळे आणणारे कायदे केले. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तर तो घटनाबाह्य ठरविला. या प्रसंगी राज्यांच्या अधिकारांचा कैवार उत्तर घेत होती व केंद्राच्या अधिकाराचा आग्रह दक्षिण धरीत होती. केवळ राज्यांच्या स्वायत्ततेसाठी दक्षिण लढली, असे जे पुढे प्रतिपादन करण्यात आले, ते या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

नोव्हेंबर १८६० च्या निवडणुकीत गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध असलेल्या रिपब्लिकन पक्षाचे अब्राहम लिंकन (१८०९–६५) निवडून आले. त्यांना एकूण मतांपैकी सु. ४० टक्के मते मिळाली आणि दक्षिणेतील दहा राज्यांत त्यांच्या नावे एकही मत नोंदविले गेले नव्हते. तरीही निर्वाचक मंडळातील ३०३ पैकी १८० मते मिळाल्याने ही निवड पूर्णतः वैध होती. त्यांनी अद्याप पदाची सूत्रेही हाती घेतली नव्हती, तोच साउथ कॅरोलायनाच्या परिषदेने २० डिसेंबर १८६० रोजी संघ सोडण्याचा ठराव १६९ विरुद्ध ० मतांनी संमत केला. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत मिसिसिपी, फ्लॉरिडा, ॲलाबॅमा, जॉर्जिया, लुइझिॲना व टेक्सास ही राज्ये त्याच मार्गाने गेली. ४ फेब्रुवारी रोजी मंगमरी येथे त्यांच्या प्रतिनिधींची बैठक भरून वेगळ्या परिसंघाची स्थापना झाली व जेफर्सन डेव्हिस (१८०८–८९) त्याचे अध्यक्ष झाले.

मावळते राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्यूकॅनन (१७९१–१८६८) यांनी या पेचात विलक्षण भूमिका घेतली. राज्यांना फुटून निघण्याचा अधिकार नाही. परंतु त्यांना सक्तीने रोखण्याचा अधिकार केंद्रालाही नाही, असे त्यांनी डिसेंबर १८६० मध्ये काँग्रेसला कळविले. ४ मार्च १८६१ रोजी अधिकारग्रहणाच्या भाषणात लिंकन यांनी वेगळा युक्तिवाद केला. निवडणुकीत हरलेला अल्पसंख्य गट प्रत्येक वेळी वेगळा होऊ लागला, तर त्या वेगळ्या झालेल्या गटातूनही असंतुष्टांचा आणखी एक गट वेगळा होईल आणि बहुमताच्या राज्याला काहीच अर्थ उरणार नाही, असा त्याचा आशय होता. गुलामगिरी जेथे अस्तित्वात आहे, तेथे तीत हस्तक्षेप करण्याचा आपला हेतू नसल्याचेही त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले. तथापि १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिणेच्या तोफांनी सम्टर किल्ल्यावर मारा केला आणि युद्धास तोंड फुटले. लिंकन यांनी ७५,००० सैनिकांची मागणी करताच व्हर्जिनिया, आर्‌कॅन्सॉ, नॉर्थ कॅरोलायना व टेनेसी ही राज्येही परिसंघात सामील झाली. व्हर्जिनियाच्या ज्या परिषदेने ४ एप्रिलला फुटून निघण्याचा ठराव फेटाळला होता, तिनेच १७ एप्रिलला तो स्वीकारला. फुटलेल्या राज्यांची संख्या अशा प्रकारे अकरा झाली. डेलावेअर, मेरिलंड, केंटकी व मिसूरी ही गुलामगिरी असलेली राज्ये मात्र संघातच राहिली.

‘राज्य’ म्हणजे कोण : फुटून निघण्याची कारणे साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया व टेक्सास या राज्यांनी स्वतंत्र निवेदनांद्वारे जाहीर केली. त्या सर्वांत गुलामगिरीचे रक्षण हा मध्यवर्ती मुद्दा आहे. परिसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्झ (१८१२–८३) यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हॅना येथील भाषणात, वंशांची विषमता व कृष्णवर्णीयांची गुलामी हाच नव्या राज्याचा पाया असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले.

या पार्श्वभूमीवर १८६० च्या जनगणनेतील आकडे बोलके आहेत. साउथ कॅरोलायनाच्या ७,०३,७०८ लोकसंख्येपैकी ४,०२,४०६ व्यक्ती गुलाम होत्या; मिसिसिपीच्या ७,९१,३०५ पैकी ४,३६,६३१. म्हणजे या दोन राज्यांत निम्म्याहून अधिक लोकांना, ज्यांच्या भवितव्याचा निर्णय होत होता त्यांनाच, मत विचारले गेले नाही. साउथ कॅरोलायनाच्या परिषदेतील एकमताचे मूल्य या दृष्टीने जोखावे लागते. जनतेच्या स्वयंनिर्णयाचा दावा करणाऱ्या राज्यात बहुसंख्य जनता ही कायद्याने जनताच नव्हती. तिचे मत पुढे वेगळ्या प्रकारे व्यक्त झाले : लक्षावधी गुलामांनी मळे सोडून उत्तरेच्या सैन्याचा आश्रय घेतला आणि सु. १,८०,००० कृष्णवर्णी सैनिक उत्तरेच्या भूसेनेत दाखल झाले. यांतील बरेचसे फुटलेल्या राज्यांमधील होते.

गोऱ्या नागरिकांतही एकमत नव्हते. टेक्सासचे राज्यपाल सॅम ह्यूस्टन यांनी परिसंघाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्याने त्यांना पदावरून दूर करण्यात आले. जून १८६१ च्या मतदानात टेनेसीच्या डोंगराळ पूर्व भागाने मोठ्या बहुमताने विरोधी कौल दिला. तेथील प्रतिनिधींनी आपल्याला वेगळे राज्य म्हणून संघात राहू द्यावे, अशी विनंती केली. ती मान्य न होता त्या भागात परिसंघाचे सैन्य ठेवण्यात आले. राज्यांना संघातून बाहेर पडण्याचा अधिकार आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच भूभागाला राज्यातून बाहेर पडण्याचा अधिकार नाकारला. परिसंघाच्या संविधानातही फुटून निघण्याच्या अधिकाराचा स्पष्ट उल्लेख नव्हता. उलट, गुलामांवरील मालकी हक्काला बाध आणणारा कायदा करण्यास मात्र त्यात स्पष्ट मनाई होती.

दुसऱ्या बाजूची विसंगतीही नोंदविणे आवश्यक आहे. व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील संघनिष्ठ परगण्यांचे वेस्ट व्हर्जिनिया हे नवे राज्य २० जून १८६३ रोजी संघात दाखल करून घेण्यात आले. मूळ राज्याच्या संमतीवाचून त्याचे विभाजन करता येत नाही, असा संविधानाचा दंडक होता. व्हीलिंग येथे स्थापन झालेले संघनिष्ठ शासन हेच व्हर्जिनियाचे खरे शासन होय, असे मानून ही संमती मिळाल्याचे दाखविण्यात आले.

युद्धाचा शेवट व न्यायालयीन निर्णय : चार वर्षांच्या युद्धात दोन्ही बाजूंचे मिळून सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेने संघरक्षणाच्या उद्दिष्टाला गुलामांच्या मुक्तीची जोड मिळाली. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे शरणागती पत्करली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. डेव्हिस यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला होता. तथापि त्यांच्यावर खटला प्रत्यक्षात कधीच चालला नाही व १८६९ मध्ये तो सोडून देण्यात आला. त्यामुळे फुटून निघणे कायदेशीर होते काय, याचा निवाडा त्या मार्गाने झाला नाही.

तो झाला एका आर्थिक दाव्यातून. सीमावादाच्या तडजोडीपोटी केंद्राने टेक्सासला पूर्वी दिलेल्या कर्जरोख्यांपैकी काही रोखे युद्धकाळातील तेथील शासनाने विकले होते. युद्धानंतरच्या शासनाने ते परत मिळविण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. असा दावा संघाचे घटक राज्यच लावू शकत असल्याने, टेक्सास हे संघाचे घटक राज्य आहे काय, हा प्रश्न आधी सोडविणे भाग होते. १८६९ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस (१८०८–७३) यांनी बहुमताचा निर्णय दिला. संविधानाने अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ निर्माण केला असून, टेक्सासचा फुटून निघण्याचा ठराव मुळातच निरर्थक होता. म्हणून ते राज्य कायद्याच्या दृष्टीने कधीच संघाबाहेर गेले नव्हते, असा त्याचा आशय होता. मात्र क्रांती किंवा इतर राज्यांची संमती, हे दोन अपवाद न्यायालयाने मानले. एकतर्फी बाहेर पडण्यास मनाई, पण संमतीने बाहेर पडण्यास वाव, ही पुढे अन्यत्र मान्य झालेली भूमिका येथे प्रथम स्पष्टपणे मांडलेली दिसते.

संघ टिकला, तरी ज्यांच्या मुक्तीचा प्रश्न या संघर्षाच्या मुळाशी होता, त्यांच्या पदरी पूर्ण न्याय पडला नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचा लष्करी पाठिंबा काढून घेतल्यानंतर तेथील कृष्णवर्णी नागरिकांचे मताधिकार क्रमाक्रमाने हिरावून घेण्यात आले. ते परिणामकारकपणे परत मिळण्यास १९६५ चा मताधिकार कायदा व्हावा लागला.

इतर संघराज्यांतील अनुभव : पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्याने एप्रिल १९३३ मध्ये घेतलेल्या सार्वमतात सु. दोन-तृतीयांश मतदारांनी ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यातून बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच दिवशी झालेल्या निवडणुकीत मात्र या मागणीचा पुरस्कार करणाऱ्या शासनाचा त्यांनी पराभव केला. राज्याने ब्रिटिश संसदेकडे पाठविलेला अर्ज स्वीकारण्यास तेथील संयुक्त समितीने १९३५ मध्ये नकार दिला. संघराज्याच्याच विनंतीवाचून हस्तक्षेप करणे उचित नाही, असे तिचे मत पडले. पुढे आर्थिक परिस्थिती सुधारल्यावर व संघराज्याकडून अनुदाने मिळू लागल्यावर ही चळवळ ओसरली.

सोव्हिएट संघाच्या १९२४, १९३६ व १९७७ या तिन्ही संविधानांत प्रत्येक संघ-प्रजासत्ताकाला मुक्तपणे बाहेर पडण्याचा अधिकार होता. परंतु तो कसा बजावावा, याचा कायदाच नव्हता आणि एकपक्षीय राजवटीत त्याचा उच्चार करणेही धोक्याचे होते. लिथ्युएनियाने मार्च १९९० मध्ये स्वातंत्र्याची घोषणा केल्यावर पुढील महिन्यात असा कायदा करण्यात आला. त्यात दोन-तृतीयांश मतदारांची संमती व पाच वर्षांपर्यंतचा संक्रमणकाळ अशा अटी होत्या. प्रत्यक्षात या कायद्याला बगल देऊनच डिसेंबर १९९१ मध्ये संघ विसर्जित झाला. कागदावरील अधिकार व प्रत्यक्षातील अधिकार यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानात येते.

सेंट किट्स व नेव्हिस या कॅरिबियन संघराज्याच्या १९८३ च्या संविधानाने नेव्हिस बेटाला असा अधिकार दिला. पण सार्वमतात दोन-तृतीयांश बहुमताची अट घातली. ऑगस्ट १९९८ मध्ये सु. ६२ टक्के मते बाजूने पडूनही ती अट पूर्ण न झाल्याने नेव्हिस संघराज्यातच राहिले. इथिओपियाच्या १९९५ च्या संविधानातही असा अधिकार नमूद केलेला आहे.

कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. १९८० च्या सार्वमतात तेथे सु. ६० टक्के मतदारांनी वेगळे होण्याच्या दिशेने जाण्यास नकार दिला. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात मात्र विरोधी मते ५०·५८ टक्के व अनुकूल मते ४९·४२ टक्के पडली. अंतर अवघे ५४,२८८ मतांचे होते. तत्पूर्वी काही दिवस प्रांताच्या उत्तर भागातील क्री या आदिवासी जमातीने स्वतःचे वेगळे मतदान घेऊन, आपल्या संमतीवाचून आपल्याला कॅनडाबाहेर नेण्यास ९६ टक्क्यांहून अधिक मतांनी विरोध नोंदविला होता. टेनेसीच्या पूर्व भागाने उपस्थित केलेला प्रश्नच येथे शांततेच्या मार्गाने पुन्हा विचारला गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ रोजी दिलेल्या मतानुसार प्रांताला एकतर्फी बाहेर पडण्याचा अधिकार नाही. तथापि स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमताने होकार मिळाल्यास त्याची दखल घेऊन वाटाघाटी करणे इतर घटकांवर बंधनकारक ठरते. संघराज्यपद्धती, लोकशाही, कायद्याचे राज्य व अल्पसंख्याकांचे संरक्षण ही चार तत्त्वे या वाटाघाटींत पाळावी लागतील, असे न्यायालयाने सांगितले. सन २००० मध्ये कॅनडाच्या संसदेने या आधारे कायदा केला.

भारत : भारतीय संविधानकारांसमोर अमेरिकेचा अनुभव होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी, भारताचे वर्णन राज्यांचा संघ असे का केले, याचे स्पष्टीकरण केले. भारताचे संघराज्य राज्यांमधील करारातून निर्माण झालेले नाही. म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. ही गोष्ट प्रस्थापित करण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले. म्हणून मसुदा समितीला ती प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट वाटले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतीय व्यवस्थेचा दुसरा विशेष तिसऱ्या अनुच्छेदात आहे. त्यानुसार संसद राज्यांच्या सीमा बदलू शकते किंवा नवी राज्ये निर्माण करू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण त्याची संमती आवश्यक नसते. अमेरिकेत संघ व राज्ये दोन्ही अविनाशी मानली गेली. भारतात संघ अविनाशी, परंतु राज्यांची रचना परिवर्तनीय आहे. या लवचीकपणामुळे भाषिक व प्रादेशिक आकांक्षांना देशांतर्गत वाट मिळाली. आंध्र (१९५३), महाराष्ट्र व गुजरात (१९६०), नागालँड (१९६३), तेलंगण (२०१४) इ. राज्ये अशा प्रकारे अस्तित्वात आली.

तमिळ प्रदेशात १९४९ मध्ये स्थापन झालेल्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी केली होती व त्याचे नेते सी. एन. अण्णादुरै (१९०९–६९) यांनी १९६२ मध्ये राज्यसभेत तिचा पुरस्कार केला. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता यांच्या रक्षणासाठी भाषणादी स्वातंत्र्यांवर वाजवी निर्बंध घालण्याची तरतूद केली आणि उमेदवार व संसद-विधिमंडळांचे सदस्य यांच्या शपथेत त्यांचा अंतर्भाव केला. त्याच सुमारास पक्षाने ही मागणी सोडून दिली; १९६७ मध्ये तो मद्रास राज्यात निवडणुकीद्वारे सत्तेवर आला व १९६९ मध्ये राज्याचे नाव तमिळनाडू झाले. मिझो राष्ट्रीय आघाडीने १९६६ मध्ये सशस्त्र उठाव करून स्वातंत्र्य घोषित केले होते. दोन दशकांच्या संघर्षानंतर १९८६ चा करार होऊन फेब्रुवारी १९८७ मध्ये मिझोराम हे घटक राज्य बनले. ही दोन उदाहरणे यशाची होत. तथापि कायद्याच्या मनाईने असंतोष आपोआप शमत नाही, हे ईशान्य भारत, पंजाब व काश्मीर येथील रक्तपातावरून दिसून येते.

आंतरराष्ट्रीय कायदा : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत (१९४५) लोकांच्या स्वयंनिर्णयाचे तत्त्व आणि राष्ट्रांची प्रादेशिक अखंडता ही दोन्ही मान्य केलेली आहेत. १९७० च्या आमसभेच्या घोषणेने, सर्व जनतेचे भेदभावाविना प्रतिनिधित्व करणाऱ्या राष्ट्राच्या अखंडतेला स्वयंनिर्णयाच्या नावाखाली धक्का लावता येणार नाही, असे सुचविले. यावरून काही विधिज्ञ असा निष्कर्ष काढतात, की पराकोटीचा जुलूम व प्रतिनिधित्वाचा संपूर्ण अभाव असल्यास फुटून निघणे हा अखेरचा उपाय ठरू शकतो. बांगला देशाचे (१९७१) उदाहरण या संदर्भात दिले जाते. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत संपूर्ण पाकिस्तानात बहुमत मिळविणाऱ्या पक्षाला सत्ता नाकारून पूर्व भागावर लष्करी अत्याचार करण्यात आले होते. कोसोव्होविषयी २०१० मध्ये दिलेल्या सल्लादर्शक मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्वातंत्र्याची घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करीत नाही, एवढेच म्हटले. फुटून निघण्याचा अधिकार आहे काय, या प्रश्नाला त्याने हात घातला नाही.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. निवडणुकीत पराभव झाला म्हणून घटक राज्याने एकतर्फी बाहेर पडणे, हे लोकशाहीच्या मूळ गृहीताशी विसंगत आहे. लिंकन यांचा हा युक्तिवाद आजही खोडला गेलेला नाही. बाहेर पडण्याची मोकळीक असल्यास प्रत्येक मतभेदात धमकीचा वापर होण्याची भीती असते. उलट, कोणत्याही परिस्थितीत बाहेर पडता येणार नाही, असा दंडक केवळ बळाच्या आधारे टिकविल्यास संघ हा संमतीवर आधारलेला राहत नाही. संमतीने व ठरलेल्या प्रक्रियेनुसार वेगळे होण्यास कॅनडाच्या न्यायालयाने दिलेला वाव हा या दोन टोकांमधील मार्ग होय. झेकोस्लोव्हाकियाचे १९९३ च्या प्रारंभी झालेले शांततापूर्ण विभाजन हे दोन्ही बाजूंच्या संमतीचे उदाहरण असले, तरी त्यासाठी सार्वमत घेण्यात आले नव्हते.

अधिक मूलभूत निष्कर्ष मात्र वेगळा आहे. अमुक राज्याची इच्छा अशी जी म्हटली जाते, ती क्वचितच एकसंध असते. बाहेर पडू पाहणाऱ्या राज्याच्या हद्दीतही आणखी एक अल्पसंख्य समाज, आणखी एक प्रदेश, किंवा साउथ कॅरोलायनाप्रमाणे मताधिकारच नसलेला बहुसंख्य समाज असतो. संघाकडून आपल्यावर अन्याय होतो म्हणणाऱ्या राज्याला तोच न्याय आपल्या हद्दीतील लोकांना लावावा लागतो. आणि राज्याला जाऊ न देणाऱ्या संघाला, त्या लोकांच्या हक्कांची हमी घ्यावी लागते. १८६१ मध्ये दक्षिणेने पहिली जबाबदारी नाकारली आणि १८७७ नंतर संघाने दुसरी टाळली. म्हणूनच फुटून निघण्याच्या कोणत्याही मागणीची परीक्षा करताना सीमारेषा कोठे आखावयाची, याच्याइतकाच त्या रेषेच्या आतील कोणाला विचारले गेले आणि कोणाला नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.